काळी पडलेली सुझुकी: पॅलेडियम वाढवण्याआधी बोरॉनिक ॲसिडची बाटली तपासा

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीत आर अँड डीला असलेले एक तरुण केमिस्ट ४-ब्रोमोॲसिटोफिनोन (पुढे नुसतं ‘ब्रोमाइड’) आणि २-फ्युरिलबोरॉनिक ॲसिड यांची सुझुकी कपलिंग, म्हणजे पॅलेडियमच्या मदतीने दोन रेणू कार्बन-कार्बन बंधाने जोडणारी रिॲक्शन, करतायत. टेट्राकिस (पॅलेडियमवर चार ट्रायफिनाइलफॉस्फिन असलेला कॅटलिस्ट) ५ मोल टक्के, बेस म्हणून पोटॅशियम कार्बोनेट २ इक्विव्हॅलंट (ब्रोमाइडच्या दुप्पट मोल), सॉल्व्हंट डायॉक्सेन-पाणी ४:१, बाथ ९० अंशांवर, रात्रभर. डिसेंबरात याच रेसिपीने सत्तर टक्क्यांच्या आसपास यील्ड (हाती येणारा माल) मिळत होतं, एप्रिलपासून तिशीच्या वर सरकत नाही. अर्ध्या तासात फ्लास्क काळाकुट्ट होतो. सकाळच्या टीएलसीत (प्लेटवर घटकांचे वेगवेगळे स्पॉट दाखवणारी झटपट तपासणी) ब्रोमाइड भरपूर शिल्लक असतं, बोरॉनिक ॲसिड मात्र संपलेलं असतं, आणि ते कशात गेलं हे सांगणारा एकही स्पॉट दिसत नाही. सीनियर म्हणतात, कॅटलिस्ट १० टक्के करा. करावं का?

इतक्यात करू नका. सीनियरांचा सल्ला अगदीच चुकीचा नाही, पॅलेडियम वाढवलं की यील्ड पाच-दहा टक्क्यांनी हलेलही. पण त्यामुळे अडलंय कुठे ते कळणार नाही, आणि पुढे बॅच मोठी करताना तोच प्रश्न दहापट महाग होऊन समोर येईल. कपलिंग बिघडली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘दुसरा कोणता कॅटलिस्ट घेऊ?’ माझ्या मते त्याआधी विचारायला हवं की कॅटलिस्टच्या चक्रातली कोणती पायरी अडली आहे.

चक्र तुम्हाला पाठ असेल, तरी तुमच्या फ्लास्कपुरतं लावून पाहू. पॅलेडियम शून्य, म्हणजे शून्य ऑक्सिडेशन अवस्थेतलं पॅलेडियम, ब्रोमाइडच्या कार्बन-ब्रोमीन बंधात शिरतं, ही ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन. मग बोरॉनवरचा फ्युरिल गट पॅलेडियमवर येतो, हे ट्रान्समेटलेशन. शेवटी दोन्ही गट एकमेकांना जोडून बाहेर पडतात आणि पॅलेडियम पुन्हा शून्यावर येतं. तुमचं ब्रोमाइड पॅरा जागी ॲसिटिल घेऊन बसलंय, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढणारं. असल्या ब्रोमाइडमध्ये शिरताना पॅलेडियमला काहीच जड जात नाही. साधं क्लोराइड असतं, किंवा ४-ब्रोमोॲनिसोलसारखं इलेक्ट्रॉनने भरलेलं ब्रोमाइड असतं, तर पहिल्या पायरीवर संशय घेतला असता. इथे ती पायरी निर्दोष समजा. शेवटची पायरीही दोन ॲरिल गटांसाठी सहसा झटकन होते. उरली मधली पायरी, आणि तिला लागणारं बोरॉनिक ॲसिडच तुमच्या फ्लास्कमधून नाहीसं होतंय.

ते जातं कुठे? बेस, पाणी आणि उष्णता मिळाली की कार्बन-बोरॉन बंध तुटून तिथे हायड्रोजन येतो. याला प्रोटोडीबोरोनेशन म्हणतात. फिनाइलबोरॉनिक ॲसिडच्या बाबतीत हे इतकं सावकाश होतं की आपण विसरूनच जातो. पण हेटरोॲटमच्या (कडीतल्या ऑक्सिजन, नायट्रोजनसारख्या अणूच्या) शेजारच्या, म्हणजे २-क्रमांकाच्या जागेवर बोरॉन असेल तर गोष्ट वेगळी. २०१६ मध्ये एडिनबर्गच्या गाय लॉइड-जोन्स यांच्या गटाने मोजून दाखवलं की २-पिरिडिलबोरॉनिक ॲसिडचं अर्धायु ७० अंशांवर, पीएच ७ ला, एका मिनिटापेक्षाही कमी असतं. फ्युरिल इतकं नाजूक नाही, पण टिकाऊ म्हणावं असंही नाही. आणि तुम्हाला स्पॉट का दिसत नाही, याचं उत्तर साधं आहे: फ्युरिलबोरॉनिक ॲसिड तुटलं की साधं फ्युरान तयार होतं, आणि त्याचा उत्कलनबिंदू ३१ अंश आहे. एप्रिलात सोलापुरात ते टीएलसीच्या प्लेटवर थांबेलच कसं? फ्लास्कमधून कंडेन्सर, तिथून फ्युम हुड, की गेलं. हुडचा पंखा मात्र चालू ठेवा, फ्युरान संशयित कॅन्सरकारक आहे.

डिसेंबर आणि एप्रिल हा फरक तुम्ही सांगितलात हे फार बरं केलंत. निदान निम्मं तिथेच झालं. २-फ्युरिलबोरॉनिक ॲसिड हवेत, साध्या खोलीच्या तापमानातही काही दिवसांत बिघडतं, हे मार्टिन बर्क यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं आहे. आणि पेपरमधलं खोलीचं तापमान २५ अंश असतं. आपल्याकडे बाटली ट्रान्सपोर्टच्या गोडाउनात दोन दिवस पडते, मग स्टोअरमध्ये पत्र्याखाली, आणि आपण ती उघडेपर्यंत बाहेरचा पारा ४२ वर गेलेला असतो. लेबलवर ९७ टक्के लिहिलंय ते कंपनीतून निघतानाचं.

म्हणून पहिलं काम बाटलीचं. पांढरट पूड तपकिरी झाली असेल, डिंकासारखी चिकटत असेल, तर ती वापरूच नका. दिसायला ठीक असेल तरी एनएमआर (रेणूची रचना शिखरांवरून दाखवणारी तपासणी) काढून घ्या. डीएमएसओमध्ये काढा आणि ट्यूबमध्ये जड पाण्याचा एक थेंब टाका. बोरॉनिक ॲसिडचे तीन रेणू पाणी गमावून बोरॉक्सिनची कडी करतात, त्यामुळे एकाच पदार्थाचे शिखरांचे दोन संच दिसतात आणि मुलं घाबरून ‘इंप्युरिटी आहे सर’ म्हणत येतात. जड पाणी टाकलं की कडी उघडते आणि चित्र साफ होतं. त्यानंतरही जादा शिखरं राहिली तर तो खरा बिघाड.

दुसरं काम म्हणजे एक तुलना, जी सगळ्यांना ठाऊक असते आणि जवळजवळ कुणीच करत नाही. तेच ब्रोमाइड, तीच टेट्राकिसची बाटली, तोच बेस, तेच सॉल्व्हंट, फक्त फ्युरिलच्या जागी फिनाइलबोरॉनिक ॲसिड. दोन्ही रिॲक्शन एकाच दिवशी, शेजारी शेजारी लावा. फिनाइलवाली छान गेली तर कॅटलिस्ट, बेस आणि तुमचा हात तिन्ही सुटले. दोष फ्युरिलच्या बाजूला. तीही काळी पडून अडली तर बोरॉनिक ॲसिडसोबत ऑक्सिजनचाही हिशेब करावा लागेल. मला विचाराल तर तुमच्याकडे दोन्ही दोष आहेत, कारण नुसतं बोरॉनिक ॲसिड मेल्याने अर्ध्या तासात फ्लास्क काळा पडत नाही.

काळ्या रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याचा अर्थ सरसकट ‘रिॲक्शन बिघडली’ असा लावला जातो. सुझुकी संपता संपता फ्लास्क काळा पडला तर काळजीचं कारण नाही. ब्रोमाइड संपलं, पॅलेडियमला शिरायला जागा उरली नाही, म्हणून त्याचे अणू एकमेकांना चिकटून पॅलेडियम ब्लॅक खाली बसलं. उलट ब्रोमाइड भरपूर असताना सुरुवातीलाच काळा पडला, तर पॅलेडियमला धरून ठेवणारं लिगँड (इथे ट्रायफिनाइलफॉस्फिन) गेलेलं असतं. म्हणून टीएलसी काढताना वहीत वेळेबरोबर रंगही लिहायचा. ‘२० मिनिटे, पिवळसर-नारिंगी, ब्रोमाइड निम्मं’ ही एक ओळ सकाळच्या यील्डपेक्षा जास्त सांगून जाते.

लिगँड कशाने जातं? बहुतेक वेळा ऑक्सिजनने. एक हिशेब करून पाहा. तुम्ही १ मिलिमोलवर, म्हणजे १९९ मिलिग्रॅम ब्रोमाइडवर काम करताय असं धरू. टेट्राकिस ५८ मिलिग्रॅम, त्यात पॅलेडियम ०.०५ मिलिमोल आणि ट्रायफिनाइलफॉस्फिन ०.२ मिलिमोल. फ्लास्क ५० मिलीचा, आत १० मिली द्रव, म्हणजे वर ४० मिली हवा. त्यातला ऑक्सिजन साधारण ०.३३ मिलिमोल. ऑक्सिजनचा एक रेणू दोन फॉस्फिन खातो. म्हणजे नुसत्या फ्लास्कमधल्या हवेत तुमचं सगळं फॉस्फिन तीनदा जाळण्याइतका ऑक्सिजन आहे, सॉल्व्हंटमध्ये विरघळलेला वेगळाच. याच ऑक्सिजनमुळे बोरॉनिक ॲसिडचं होमोकपलिंगही, म्हणजे त्याचेच दोन रेणू एकमेकांना जोडले जाणं, होतं. क्रूडमध्ये (शुद्ध न केलेल्या मालात) बायफ्युरिल सापडलं तर ती हवेचीच खूण समजा.

आपल्याकडे डिगॅसिंग (द्रवातली हवा काढणं) म्हणजे सेप्टमवर (फ्लास्कच्या रबरी बुचावर) नायट्रोजनचा फुगा लावणं. फुगा दाब राखतो, द्रवातला ऑक्सिजन काढत नाही, आणि रात्रभरात रबरातून हवा आत झिरपते ती वेगळी. नायट्रोजन लांब सुईने द्रवाच्या तळाशी सोडा, पंधरा-वीस मिनिटं, डायॉक्सेनमध्येही आणि पाण्यातही. पाणी बरेच जण विसरतात. टेट्राकिस त्यानंतर टाका. आधी पॅलेडियम टाकून मग बुडबुडे सोडण्यात काही अर्थ नाही, तोवर निम्मं काम होऊन गेलेलं असतं. मे महिन्यात हे करताना फ्लास्क बर्फाच्या पाण्यात धरा आणि पातळीवर मार्करने रेघ मारा, नाहीतर नायट्रोजनबरोबर सॉल्व्हंटही निघून जातं आणि ४:१ चं प्रमाण कागदावरच राहतं.

टेट्राकिसचीही चौकशी करा. ताजं असताना ते हळदीसारखं पिवळंधमक असतं. हिरवट, तपकिरी किंवा विटकरी झालं असेल तर त्यातलं किती जिवंत आहे हे कुणी सांगू शकत नाही. फ्रीजमध्ये, नायट्रोजनखाली, अंधारात ठेवायचं हे सगळ्यांना माहीत असतं. मात्र फ्रीजमधून काढल्या काढल्या झाकण उघडलं की थंड पुडीवर दव धरतं. बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच राहू द्या. वर्षभर उघडझाप झालेल्या पाच ग्रॅमच्या बाटलीपेक्षा एक ग्रॅमच्या पाच बाटल्या परवडतात.

आणि ९० अंशांचा बाथ. डायॉक्सेन आणि पाण्याचं मिश्रण ८८ अंशांच्या आसपास एकत्र उकळतं. म्हणजे तुमची रिॲक्शन जवळजवळ रिफ्लक्सवर (उकळून वाफ कंडेन्सरमधून परत पडते त्या स्थितीत) आहे. पाणी रोज येत नाही अशा शहरात नळ सोडून कंडेन्सर चालवणं कुणालाच परवडत नाही, म्हणून आपण टबात पंप टाकून तेच पाणी फिरवतो. दुपारी तीनला त्या टबात हात घालून बघा. कोमट पाण्यावर चालणारा कंडेन्सर सॉल्व्हंट अडवत नाही, द्रव आटतो, बेसची तीव्रता वाढते आणि बोरॉनिक ॲसिड आणखी लवकर मरतं. टबात बर्फाच्या बाटल्या टाका, रिॲक्शन सकाळी सातला लावा. (मे महिन्यात डीसीएमचा (डायक्लोरोमिथेनचा) शुद्धीकरणाचा कॉलम दुपारी लावणाऱ्यालाही माझं हेच सांगणं असतं. ४० अंशांना उकळणारं सॉल्व्हंट ४२ अंशांच्या खोलीत सिलिकात बुडबुडे करतं आणि कॉलमला चिरा जातात.) डायॉक्सेन आणि टीएचएफच्या (टेट्राहायड्रोफ्युरान या सॉल्व्हंटच्या) जुन्या, उघड्या बाटल्यांची पेरॉक्साइड चाचणीही करा. पेरॉक्साइड फॉस्फिन जाळतं आणि बोरॉनिक ॲसिडचं ऑक्सिडेशन करून बोरॉनच्या जागी हायड्रॉक्सी बसवतं.

आता इलाज. माझी पहिली पसंती तापमान उतरवण्याला. नाजूक बोरॉनिक ॲसिड वाचवायचं तर त्याला मरायला वेळच मिळता कामा नये, म्हणजे कपलिंग थंडीत आणि चटकन व्हायला हवी. त्यासाठी ट्रायफिनाइलफॉस्फिन कमी पडतं. एक्सफॉससारखं जाडजूड, इलेक्ट्रॉनने भरलेलं लिगँड लागतं. स्टीफन बुकवाल्ड यांच्या गटाने २०१० मध्ये नेमक्या याच अडचणीसाठी, म्हणजे २-हेटरोॲरिल आणि बरेच फ्लोरिन असलेल्या बोरॉनिक ॲसिडांसाठी, एक्सफॉसचं तयार प्रीकॅटलिस्ट वापरून टीएचएफ आणि पाण्यातल्या पोटॅशियम फॉस्फेटमध्ये खोलीच्या तापमानाला किंवा ४० अंशांवर अर्ध्या तासात कपलिंग करून दाखवली. आपल्याकडे एप्रिलात ४० अंशांसाठी हीटर लावायचीही गरज नाही. प्रीकॅटलिस्टचा फायदा असा की बेस मिळताच पॅलेडियम शून्य आणि लिगँड बरोबर एकास एक सुटतं. पॅलेडियम ॲसिटेटमध्ये पॅलेडियम दोनवर असतं, ते शून्यावर आणायला एक फॉस्फिन किंवा दोन बोरॉनिक ॲसिड खर्ची पडतात. म्हणून ॲसिटेटबरोबर ट्रायफिनाइलफॉस्फिन एकास दोन घेणारे फसतात. एक त्यातच संपलं, मागे उरलं एक. एकास तीन किंवा चार घ्या.

प्रीकॅटलिस्ट महाग वाटत असेल तर ग्रॅमचा भाव पाहू नका. टेट्राकिस ५ टक्के लागत असेल आणि हे १ टक्क्यात काम करत असेल, तर पर्चेसवाल्यांना किलो प्रॉडक्टमागचा खर्च काढून दाखवा.

दुसरा मार्ग बोरॉन झाकून ठेवण्याचा. बर्क यांचे मिडा बोरोनेट हवेत टिकतात आणि सौम्य बेसमध्ये हळूहळू उघडतात. ज्या वेगाने बोरॉनिक ॲसिड सुटतं त्याच वेगाने पॅलेडियम ते घेतं, फ्लास्कमध्ये साठा होतच नाही. पोटॅशियम ट्रायफ्लोरोबोरेटचंही बरंचसं असंच, फक्त फ्लोराइडमुळे काचेवर परिणाम होतो एवढं लक्षात ठेवा. पिनाकोल एस्टरवर मात्र फार विसंबू नका. पाणी आणि बेसमध्ये तो उघडू शकतो आणि मग तुम्ही पुन्हा होता तिथेच. यातलं काहीच हाताशी नसेल तर गरिबाचा उपाय: ताजं बोरॉनिक ॲसिड १.५ ते २ इक्विव्हॅलंट, डिगॅस केलेल्या डायॉक्सेनमध्ये विरघळवून, ६० अंशांवरच्या रिॲक्शनमध्ये दोन तासांत थेंबथेंब सोडा. कसलंही नवं रसायन न मागवता आज करता येईल असा प्रयोग हाच आहे, त्यामुळे तपासण्या झाल्या की इलाजाची सुरुवात इथूनच करा.

बाजू उलटवणंही सुचेल: ४-ॲसिटिलफिनाइलबोरॉनिक ॲसिड चांगलं टिकतं, मग फ्युरानवर ब्रोमीन घ्यावा. कागदावर उत्तम. पण २-ब्रोमोफ्युरान स्वतःच नाजूक, उजेडात आणि उन्हात बिघडणारं. सोलापूरच्या मे महिन्यात मी त्या वाटेला जाणार नाही.

आणखी एक मोह टाळा, सॉल्व्हंट डीएमएफ (डायमिथिलफॉर्ममाइड) करण्याचा. तामलवाडी-चिंचोली पट्ट्यात मिथिलअमाइन्स आणि डीएमएफ बनतात, त्यामुळे इथल्या प्रत्येक लॅबला डीएमएफची सवय. पण गरम बेसमध्ये त्यातून डायमिथिलअमाइन सुटतं, ते पॅलेडियमला चिकटतं, आणि वर्कअपला पाण्याने पाच वेळा धुवावं लागतं.

‘पॅलेडियम सोडून निकेल किंवा कॉपर चालेल का’ असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. निकेल क्लोराइडांशी चांगलं लढतं, स्वस्तही आहे, पण तुमची अडचण पहिल्या पायरीची नाही, त्यामुळे इथे त्याचा फायदा शून्य. कॉपरची परंपरा जुनी, उलमान १९०१ पासूनची, आणि कार्बन-नायट्रोजन बंधासाठी मी अजूनही आधी कॉपर करून पाहतो. १९९८ मध्ये आलेल्या चॅन-लॅम पद्धतीत तर बोरॉनिक ॲसिड आणि अमाइन कॉपरबरोबर उघड्या हवेत ढवळतात आणि तिथे ऑक्सिजन लागतोच. सुझुकीत ज्याला बाहेर काढायला आपण पंधरा मिनिटं घालवतो तोच. कार्बन-कार्बनसाठी तुमच्या या जोडीला पॅलेडियमच ठेवा.

नवा कॅटलिस्ट तपासताना ढवळायचा मॅग्नेट नवा घ्या. जुन्या, काळे डाग पडलेल्या मॅग्नेटवर पॅलेडियम चिकटून राहतं आणि पुढच्या रिॲक्शनमध्ये सुटतं. ही किरकोळ बाब नाही. २००३ मध्ये ‘धातूशिवाय सुझुकी’ झाल्याचं प्रसिद्ध झालं, आणि त्याच गटाने २००५ मध्ये स्वतःच शोधून काढलं की सोडियम कार्बोनेटमध्ये ५० पीपीबीच्या (अब्ज भागांत ५०) आसपास पॅलेडियम होतं. २०२१ मध्ये अमाइनच कॅटलिस्ट आहे असा दावा एका नामांकित नियतकालिकात आला आणि त्याच वर्षी मागे घ्यावा लागला, कारण पुन्हा पॅलेडियमचाच अंश. म्हणून प्रत्येक नव्या कॅटलिस्टबरोबर एक रिॲक्शन कॅटलिस्ट न टाकता लावायचीच.

ही पायरी प्लांटवर नेणार असाल तर दोन गोष्टी आत्ताच ध्यानात ठेवा. सुझुकी प्लांटवर चालते याबद्दल शंका नको. रक्तदाबाच्या लोसार्टनमधला बायफेनिल सांधा अशा कपलिंगने जोडतात, बॉस्कॅलिड हे बुरशीनाशक तर हजारो किलोंनी बनतं. पण औषधात पॅलेडियमची मर्यादा तोंडावाटे दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे. रोजचा डोस १० ग्रॅम धरला तर ती १० पीपीएम (दहा लाख भागांत १०) होते, आणि बऱ्याच कंपन्या डोस न पाहता तोच आकडा धरतात. ५ टक्के टेट्राकिस टाकून तिथवर पोचणं म्हणजे चारकोल, थायॉल सिलिका, एन-ॲसिटिलसिस्टीनची धुलाई आणि तरीही क्यूसीकडून परत आलेलं सॅम्पल. सीनियरांना पटवायला हाच मुद्दा सगळ्यात उपयोगी पडेल: आज वाढवलेलं पॅलेडियम उद्या काढायचंही आपल्यालाच आहे. शिवाय बरीच बोरॉनिक ॲसिडं एम्स चाचणीत (पदार्थ जनुकांत बदल घडवतो का हे पाहणाऱ्या) पॉझिटिव्ह येतात, त्यामुळे उरलेल्या बोरॉनिक ॲसिडचीही मोजणी करावी लागते. दोन इक्विव्हॅलंट टाकण्याचा गरिबाचा उपाय त्यामुळे लॅबपुरताच.

दुसरी गोष्ट गाळणीची. सेलाइटवर (गाळायला वापरायच्या पुडीच्या थरावर) अडकलेलं काळं पॅलेडियम मिथेनॉल किंवा इथाइल ॲसिटेटने ओलं असतं. तो केक फनेलवर हवा ओढत कोरडा होऊ दिला तर पेट घेऊ शकतो, आणि उन्हाळ्यात कोरडा व्हायला पाच मिनिटंही लागत नाहीत. गाळून झालं की लगेच पाणी टाका, केक पाण्याखालीच डब्यात भरा, झाकणावर ‘पॅलेडियम, ओलं ठेवा’ असं मराठीत लिहा, आणि संध्याकाळी वेस्ट उचलणाऱ्या माणसाला तोंडीही सांगा. डबा फेकायचा नाही, त्यातलं पॅलेडियम रिकव्हरीला जातं आणि त्याचे पैसे मिळतात.

फिनाइल आणि फ्युरिलची शेजारी लावलेली जोडी आधी करा. वीस मिनिटांनी दोन्हींचे रंग आणि तासाभराची टीएलसी कळवा, म्हणजे एक्सफॉस मागवायचं की नुसती नवी बाटली पुरेल ते सांगता येईल.